नाशिकची शिकारी बंदूक : ठासणीपासून बोल्टपर्यंत

पेठ, सुरगाणा आणि इगतपुरी या नाशिकच्या डोंगराळ पट्ट्यातील बंदुकीचा इतिहास तंत्राइतकाच कायद्यानेही घडविला आहे. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी गजाने ठासून भरावी लागे त्या हत्यारात, प्रत्येक बारानंतर बराच वेळ जाई. उलट बोल्ट रायफलीत मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलली की नवे नळीत बसते. तरीही ठासणीकडून बोल्टकडे जाण्याचा हा बदल केवळ खरेदीदाराच्या मर्जीवर नव्हता; १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याने बांधले, आणि .३०३ हे लष्करी काडतूस खासगी वापरास वर्ज्य असल्याने शिकाऱ्यांसाठी .३१५ बोअरची रायफल रूढ झाली, जी पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातही तयार होऊ लागली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद ठेवली, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी जुने हत्यार टिकून राहिले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचा मार्गही बंद केला. शस्त्र कायद्यातही २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. नाशिक जिल्ह्यातही संरक्षणाकडे कल वळला : निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. म्हणून शिकारीसाठी नवी रायफल घ्यावी की जुनीच ठेवावी, हा प्रश्न नाशिकपुरता इतिहासजमा झाला आहे, आणि तसे होणे सर्वथा इष्ट आहे.