लष्करी हेडसेट मुलकी हेलिकॉप्टरात

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम भरात आला म्हणजे काय गलका असतो, हे तुम्हांला सांगायला नको. भाव ऐकायचा तर कानामागे हात धरावा लागतो. आता असे समजा, की हा गलका कितीतरी पटींनी वाढला आहे, तो क्षणभरही थांबत नाही, आणि त्यात एकाने 'चढव' म्हटलेले दुसऱ्याने 'वळव' असे ऐकले तर माणसे दगावतील. हेलिकॉप्टरच्या पुढच्या दोन खुर्च्यांवर बसणाऱ्यांची अशी स्थिती असते. डोक्यावर पाती, पाठीशी इंजिन, आणि मध्ये दातेरी चक्रांची पेटी. म्हणून त्यांच्या कानांवर दोन जाड वाट्या असतात आणि ओठांसमोर बोटाएवढा माईक. या साऱ्या साजाला हेडसेट म्हणतात. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

तिची सुरुवात आकाशात नाही, टेलिफोनात आहे. तालुक्याच्या टपाल कचेरीतला काळा, जडशीळ टेलिफोन आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. आवाज बसला की लोक त्याचा दांडा टेबलावर आपटीत, आणि आवाज पुन्हा येई! यात जादू नव्हती. बोलण्याच्या भागात कोळशाचे, म्हणजे कार्बनचे, बारीक दाणे भरलेले असत. आवाजाने ते दाबले जात, सैल होत, आणि त्यांच्यातून जाणारी वीज त्याप्रमाणे कमीजास्त होई. दाणे एकमेकांना चिकटून बसले की काम थांबले. एडिसन आदींनी 1877-78 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती शंभर वर्षे टिकली, कारण ती स्वस्त होती आणि तिचा आवाज दणदणीत होता. मात्र तिला बाहेरून वीज पुरवावी लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

कानावरच्या वाट्यांचे श्रेय अमेरिकेतील युटा प्रांतातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांच्याकडे जाते. 1910 मध्ये त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि आरमाराला विकले. पहिले गिऱ्हाईक लष्करच. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो विमानांत कार्बनचा माईक बसला. पण विमान थरथरते, दमट हवेत फिरते. दाणे तिथेही चिकटत. म्हणून युद्धानंतर अमेरिकी लष्कराने दुसरा माईक पसंत केला. त्यात लोहचुंबकाजवळ तारेचे बारीक वेटोळे हलते आणि स्वतःच वीज निर्माण करते. बाहेरून काही पुरवावे लागत नाही. पण ती वीज फार क्षीण असते, म्हणून यंत्राच्या पोटात ती वाढवण्याची सोय करावी लागते.

मुलकी विमानांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. सगळ्या विमानांतली यंत्रे बदलण्याचा खर्च कोण करणार? तेव्हा कारागिरांनी मोठी गमतीदार तोड काढली. माईक नवा घेतला, त्यात ट्रान्झिस्टरचा छोटा वर्धक बसवला, आणि तो जुन्या कार्बनच्या वाटेने येणाऱ्या विजेवर चालवला. नव्या माईकने जुन्याचे सोंग घेतले म्हणा ना! कार्बन केव्हाच गेला, पण त्याच्यासाठी ठेवलेली वीज मुलकी हेलिकॉप्टरात आजही वाहते.

खरा घोटाळा इथे आहे. 8 मार्च 1946 रोजी 'बेल 47' या हेलिकॉप्टरला अमेरिकेत मुलकी वापराचा परवाना मिळाला. जगातला असा तो पहिलाच. पुढे हेलिकॉप्टरांची लष्करी आणि मुलकी घराणी एकमेकांत मिसळत गेली. लहान विमानात हेडसेटला दोन प्लग असतात. हेलिकॉप्टरात बहुधा एकच, चार कड्यांचा. हा प्लग दोन्ही घराण्यांत सारखाच राहिला, पण त्यामागची विद्युत व्यवस्था वेगळी. लष्करी हेडसेट मुलकी हेलिकॉप्टरात खोचला तर तो बसतो चपखल, पण बोललेले कोणाला ऐकू जात नाही.

कानाच्या बाजूलाही तीच तऱ्हा. अमेरिकी लष्करी वाट्यांचा विद्युत अडथळा साधारण 8 ते 20 ओहम, मुलकी वाट्यांचा 150 ते 600. तीन अश्वशक्तीच्या पंपावर एकदम दहा तोट्या उघडल्या तर कुठल्याच तोटीला जोर राहत नाही. तसे कमी ओहमचे हेडसेट सगळी शक्ती ओढून घेते, आणि शेजारच्या वैमानिकाचाही आवाज बारीक होतो. म्हणजे चूक एकाची, बहिरेपण दोघांना.

दुरुस्ती तशी अवघड नाही. माईकच्या वाटेवर वर्धक घालायचा आणि कानातले ध्वनियंत्र बदलायचे, किंवा मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. 8 ओहमचे 300 करायचे तर वेटोळ्यांचे प्रमाण साधारण एकास सहा. शाळेतल्या गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. अडथळ्याच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढायचे एवढेच. तारा जोडणे मात्र जाणत्याचे काम आहे. उडत्या यंत्रात हौशी माणसाने हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या महाराष्ट्रात याचे महत्त्व जुहूला कळते. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात बोलण्याचे यंत्रच नव्हते. 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल सापडले. 1985 मध्ये केंद्र सरकारने हेलिकॉप्टरांची कंपनी काढली, तीच पुढे पवनहंस झाली, आणि जुहूहून तेलाच्या फलाटांवर माणसांची ने-आण करू लागली. सैन्यात उमेदवारी केलेले कितीतरी वैमानिक अशा मुलकी कामावर येतात. खाली लाटा, समोर फलाटावरची चिमुकली उतरण्याची जागा. अशा वेळी माईक ओठांना जवळजवळ टेकवून बोलावे लागते. या माईकला पुढून व मागून दोन्हीकडे भोके असतात. दूरचा गोंगाट दोन्हीकडून सारखाच शिरतो आणि आपसांत विरतो. जवळच्या ओठांचा शब्द पुढूनच जोराने येतो, म्हणून तेवढाच पुढे जातो. माईक दोन बोटे दूर सरकला, की शब्दही गोंगाटाबरोबर विरला.