पिएर क्युरींचा प्रबंध: प्रश्न एक, उत्तरं दोन

क्युरी म्हटलं की तुम्हाला रेडियम आठवेल. पण पिएर क्युरींनी 1895 मध्ये पॅरिसला डॉक्टरेटसाठी जो प्रबंध दिला, तो चुंबकत्वावर. वय 35, पाठीशी एक तपाहून जास्त नोकरी. ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांनी हे वय लिहून ठेवा.

त्यांचा प्रश्न नीट बघा. चुंबकाचा परिणाम फक्त लोखंडावर नाही, जवळपास सगळ्याच पदार्थांवर होतो, हे फॅरेडेने 1845 मध्ये दाखवलं होतं. काही ओढले जातात, तर काच, बिस्मथ असे काही चक्क ढकलले जातात. पदार्थ क्षेत्राला किती वाट देतो त्याचं माप म्हणजे पार्यता. निर्वाताची 1 धरली, तर बिस्मथची 0.99983, ऑक्सिजन वायूची 1.000002, आणि लोखंडाची थेट हजारांत. मग हे तीन वेगळे प्रकार, की एकाच गोष्टीची तीन रूपं? क्युरींना पदार्थ एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना पकडायचा होता. हत्यार एकच, तापमान.

नमुना लहानशा कुपीत, असमान क्षेत्रात, तारेच्या पिळावर तोललेला. भोवती विजेची भट्टी. बल इतकं क्षीण, की आजूबाजूच्या हवेतला ऑक्सिजनही हिशेबात धरावा लागे. प्रबंधाचा खरा जीव या कटकटीत आहे, असं मला वाटतं.

निघालं काय? ऑक्सिजनचा चुंबकीय प्रतिसाद निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या आसपास आपलं जोरदार चुंबकत्व हरवतं आणि त्यापुढे ऑक्सिजनच्या पंगतीला येऊन बसतं. म्हणजे या दोघांमधली वाट सापडली. ढकलले जाणारे पदार्थ मात्र तापवले तरी बहुतेक ढिम्म. तिथे वाट नाहीच, ती जातच वेगळी. अर्धं उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि तेही तितकंच मोलाचं ठरलं: 1905 मध्ये त्यांचाच विद्यार्थी लाँजव्हँ याने दोन्हींसाठी दोन वेगळी कारणं मांडली.

बिस्मथने मात्र नियम पाळला नाही. तापवत गेलं तसं त्याचं ढकलणं कमी होत गेलं, आणि वितळल्यावर जवळजवळ संपलंच. क्युरींनी तो अपवाद झाकला नाही, सरळ प्रबंधात नोंदवला. लाँजव्हँच्या सिद्धांतातही तो बसेना. धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांचा पुंजसिद्धांत आला, तेव्हा 1930 च्या दशकात कुठे त्याची गाठ सुटायला लागली.