गादी ‘सरकली’ म्हणजे नेमकं काय होतं? कट्ट आवाज काढून ती बसते का? कायरोप्रॅक्टिकला जाण्याआधी हे वाचा

बुलढाणा : सोयाबीनची सोंगणी झाली, मळणी झाली आणि कट्टे उचलून ट्रॉलीत टाकायची वेळ आली की घाटावर असो का घाटाखाली, गावात दोन-चार जण तरी कमरेला हात लावून बसलेले दिसतात. आधी म्हणतात उसण भरली. मग दुखणं कमरेतून कुल्ल्यात, तिथून मांडीच्या मागून पोटरीत उतरतं, पायाला मुंग्या येतात आणि कुणीतरी सांगतं, ‘गादी सरकली.’ मोबाईलवर तर ते व्हिडिओ आहेतच. माणूस टेबलावर पालथा, वरून एक जण झटका देतो, कट्ट असा आवाज येतो आणि माणूस हसत उठून चालायला लागतो. या प्रकाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. व्हिडिओ पाहून शहरात जावं का, पैसे भरावे का, असा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. काहींना त्याचा फायदा होतो, काहींना काहीच होत नाही आणि काही जणांच्या जन्माचं नुकसान होऊ शकतं. आपण यातले कोण, हे आधी कळायला हवं.

गादी सरकत नाही, चिरते

कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. अशा एकूण २३ चकत्या. आपण तिला गादी म्हणतो, डॉक्टर डिस्क म्हणतात. तिच्या कडेला चिवट धाग्यांचं कडं असतं आणि आत जेलीसारखा मऊ गर. ही गादी वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. साबणाच्या वडीसारखी ती सटकू शकत नाही. होतं असं की वयामुळं, ओझ्यामुळं किंवा वाकून पिळवटल्यामुळं कडेला चीर जाते आणि आतला गर बाहेर फुगतो. टायर चिरला की आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते ना, तसंच. हा फुगा शेजारून जाणाऱ्या नसेला टेकला, तिथं सूज आली, की कळ पायात जाते. यालाच सायटिका म्हणतात, आयुर्वेदात गृध्रसी.

‘मणक्यात गॅप पडला’ असंही आपल्याकडं सर्रास म्हणतात. खरं तर गादी झिजली की मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. पण शब्द रुळला आहे, त्याला इलाज नाही.

बहुतेक वेळा बिघाड कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत होतो. कोणती नस दबली ते पाय सांगतो. अंगठा वर उचलता येत नाही, चालताना चप्पल निसटून पडते, तर शेवटून दुसऱ्या गादीचा संशय. चवड्यावर उभं राहता येत नाही, करंगळीच्या बाजूचा तळवा बधिर, तर शेवटच्या गादीचा. शिंकलं-खोकलं की पायात सणक जाते, कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याच्या खाली उतरते, या नस दबल्याच्या खुणा. नुसती कंबर दुखते आणि पायात काही नाही, तर बहुधा स्नायूंचं दुखणं असतं.

पायात जाणाऱ्या कळेमागं ही फुटलेली गादी असते, हे १९३४ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी मांडलं. त्यानंतर गादीच्या ऑपरेशनची लाट आली.

एमआरआयचा कागद पाहून घाबरू नका

१९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. ही सगळी माणसं चालती-फिरती, काम करणारी. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहून आलं म्हणून दुखणं त्याचंच आहे असं नाही. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, ताकद तपासली, टाचणी टोचून बधिरपणा पाहिला आणि ते सगळं एमआरआयशी जुळलं, तर त्या कागदाला अर्थ. पुढं सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची सहसा गरजही नसते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं. तो परका पदार्थ समजून रक्तातल्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. गंमत म्हणजे मोठा, पूर्ण सुटून आलेला तुकडा लहान फुग्यापेक्षा जास्त आटतो. म्हणूनच बहुसंख्य रोगी ऑपरेशनशिवाय सहा ते बारा आठवड्यांत बरेच सुधारतात. या काळात ज्यानं जो उपाय केला त्याला त्याचंच श्रेय मिळतं. तेलाला मिळतं, पट्ट्याला मिळतं, टेबलावरच्या झटक्यालाही मिळतं.

पायाळू ते कायरोप्रॅक्टिक

पाठीला झटका देऊन दुखणं घालवायची कल्पना आपल्याला नवी नाही. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला, आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यायचा, ही रीत आपल्या भागात जुनी आहे. (हाच पायाळू विहिरीचं पाणीही दाखवतो म्हणतात.) भरलेली उसण, म्हणजे आखडलेला स्नायू, बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआप मोकळा होतो, त्यामुळं पायाळूचं नाव राहिलं. पण गादी फुटलेल्या माणसाच्या कमरेवर लाथ मारणं हा वेगळाच खेळ आहे. तो करू नका.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात झाली. डी. डी. पामर नावाचे गृहस्थ आधी चुंबकीय उपचार करायचे. त्यांनी एका कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. म्हणजे पहिला रोगी कमरेचा नव्हताच, कानाचा होता. मणका जागेवर नसला की सगळे रोग होतात, हे त्यांचं म्हणणं आजचं विज्ञान मानत नाही. मात्र कंबरदुखीपुरतं हातानं सांधे मोकळे करण्याच्या उपचाराचा अभ्यास झाला आहे. २००६ साली इटलीत गादी फुगून पायात कळ जाणाऱ्या १०२ रोग्यांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना खरा झटका, अर्ध्यांना नुसतं नाटक. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांची पायातली कळ गेली, नाटकवाल्यांत २० टक्क्यांची. फरक आहे, नाकारता येत नाही. पण एमआरआयमध्ये दिसणाऱ्या गादीत त्यामुळं फरक पडल्याचं दिसलं नाही. दुखणं कमी झालं, गादी ‘बसली’ नाही.

आणि तो कट्ट आवाज? तो हाडाचा नाही, गादीचाही नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते त्याचा. बोटं मोडताना येतो तोच. आवाज जोरात आला म्हणून उपचार चांगला झाला, असं काही नसतं.

या लोकांनी टेबलावर झोपूच नये

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

लघवी तुंबली, कधी झाली ते कळत नाही, शौचावर ताबा नाही, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली : यातलं काहीही झालं तर कण्याच्या खालचा नसांचा सगळा झुपका दबतो आहे. सकाळची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत ऑपरेशन झालं नाही तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. १०८ ला फोन करा. घाटाखालच्या बऱ्याच गावांना अकोला आणि घाटावरच्यांना छत्रपती संभाजीनगर जवळ पडतं. मणक्याचं ऑपरेशन कुठं होतं हे आधी फोनवर विचारून निघा, नाहीतर दवाखाने फिरण्यात वेळ जातो.

कंबरदुखीसोबत बारीक ताप येतो, वजन घटतं, रात्री पडल्यावरही दुखणं थांबत नाही, तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मिळ नाही. टीबीनं पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर माणूस दोन्ही पायांनी लुळा होऊ शकतो. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नुसतं ‘कंबर दुखते’ एवढंच सांगू नका, ताप आणि वजनाचंही सांगा.

हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, बरीच वर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या खाल्लेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असलेले, कधी कॅन्सर झालेले, पडून-धडकून मार लागलेले, यांनीही झटक्याच्या उपचाराला जाऊ नये. पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तर आधी ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोसर्जन. मानेला झटका तर शक्यतो कुणीच घेऊ नये. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून लकवा झाल्याची उदाहरणं आहेत. ‘कंबर दाखवायला आलो होतो, मानही मोकळी करून दिली’ असं होऊ देऊ नका, आधीच नाही म्हणा.

जायचंच असेल तर शिक्षण काय ते विचारा. परदेशात कायरोप्रॅक्टर होण्यासाठी काही वर्षं कॉलेज करावं लागतं. भारतात त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या परिषदेसारखी कायद्यानं स्थापलेली वेगळी परिषद नाही, त्यामुळं पाटीवर कुणीही काहीही लिहितो. फिजिओथेरपिस्टचं तसं नाही. त्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडं होते आणि नोंदणी क्रमांक मागायला लाजायचं कारण नाही. त्यांच्यातलेही काही जण हातानं सांधे मोकळे करण्याचं शिकलेले असतात. टेबलावर घेण्याआधी ज्यानं पायाची ताकद तपासली नाही, लघवीचं विचारलं नाही, त्याच्याकडून उठून या. वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले तरी तेच. चार-सहा वेळा जाऊन काहीच फरक नसेल तर पुढं जाण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय

खाटेवर महिनाभर पडून राहायचा सल्ला आता जुना झाला. कळ फार असेल तर एक-दोन दिवस पडा, मग सोसवेल तेवढं चाला. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस. मेडिकलवरून स्वतःच आणून महिनोन्महिने खाल्ल्या तर जठर आणि किडनी दोन्ही जातात.

व्यायामात एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडं पायात कळ जाणारा एक रोगी आला. टेबलाचं डोकं वर उचललेलं होतं, तो त्यावर तसाच पालथा पडून राहिला. म्हणजे पाठ मागं वाकलेली. थोड्या वेळानं पाहतात तो पायातली कळ गायब. त्यातून मॅकेन्झींनी पालथं पडून छाती वर उचलण्याचे व्यायाम बसवले, आपल्या भुजंगासनासारखेच. ते सगळ्यांना मानवत नाहीत, म्हणून एकदा फिजिओकडून बघून घ्या. पण त्यातली खूण लक्षात ठेवा : व्यायामानं दुखणं पायातून वर कमरेकडं सरकलं तर गाडी बरोबर चालली आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. दुखणं खाली पायात उतरायला लागलं तर लगेच थांबा.

ऑपरेशन कधी? लघवीचा त्रास किंवा ताकद जात असेल तर लगेच. नाहीतर दीड-दोन महिने व्यवस्थित उपचार करूनही कळ झोपू देत नसेल तेव्हा. नेदरलँड्समध्ये २८३ सायटिकाच्या रोग्यांत लवकर ऑपरेशन आणि थांबून पाहणं यांची तुलना झाली, २००७ साली ती छापून आली. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षानंतर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढं ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे घाईही नको आणि हट्टही नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मणक्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. कोणत्या दवाखान्यात, कोणती कागदपत्रं, हे १५५३८८ या टोल फ्री नंबरवर किंवा दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

कामावर परतताना पहिले दोन-तीन महिने कट्टा एकट्यानं उचलू नका, दोघांनी उचला आणि उचलून झाल्यावर कंबर पिळू नका, पाय वळवा. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर अर्धाच भरा, फेऱ्या वाढल्या तर वाढू द्या. कापूस वेचताना ओटी भरून ओथंबेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. ट्रॅक्टरच्या सीटवर जाड फोम टाका आणि तासाभरानं उतरून चार पावलं चाला. सकाळी उठल्या उठल्या तासभर जड काम टाळा, रात्री गादीत पाणी भरून ती फुगलेली असते आणि त्या वेळी वाकण्याचा ताण तिला जास्त बसतो.