मायलोग्राफी (मेरुरज्जू-चित्रण)

पाठीच्या कण्यातील मेरुरज्जू, त्यातून निघणारी नसांची मुळे आणि त्यांभोवतीची द्रवाने भरलेली पोकळी यांची चित्रे मिळवण्याची तपासणी. कमरेतून बारीक सुई घालून मेरुद्रवात आयोडीनयुक्त औषध सोडतात. ते पसरत असताना क्ष-किरण चित्रे घेतात आणि त्यापाठोपाठ बहुधा सीटी स्कॅन करतात. या औषधाला दवाखान्यात ‘कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘डाय’ म्हणतात. प्रौढ रुग्णाला सहसा पूर्ण भूल देत नाहीत. तो जागा असतो, सांगितल्याप्रमाणे कूस बदलतो आणि आपल्याला काय जाणवते ते सांगत असतो. त्यामुळे तपासणीचे यश डॉक्टरांच्या हातावर जितके, तितकेच रुग्णाच्या सहकार्यावर अवलंबून असते. पुढे काय होणार हे ज्याला आधी नीट समजावून सांगितले आहे, तो रुग्ण निश्चल राहू शकतो आणि योग्य वेळी बोलतो. म्हणून ही माहिती देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

शरीररचना

प्रौढ माणसाचा मेरुरज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पायांकडे, मूत्राशयाकडे व गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांची मुळे जुडग्यासारखी द्रवात तरंगत असतात. सुई बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून घालतात. ‘सुई चुकली की पाय जातात’ ही भीती घराघरांत ऐकू येते. पण सुईच्या जागी मेरुरज्जू नसतोच आणि द्रवातील सुटी मुळे सहसा सुईच्या टोकापुढून बाजूला सरकतात. मेंदू व मेरुरज्जूभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करते. तपासणीसाठी काढलेला थोडासा द्रव त्यामुळे काही तासांत भरून निघतो.

इतिहास

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, पण मेरुरज्जू दिसत नाही. कमरेतून सुई घालून मेरुद्रव काढण्याची पद्धत जर्मन वैद्य हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये मांडली आणि या पोकळीत शिरण्याची वाट खुली झाली. अमेरिकन शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी १९१९ मध्ये मेरुनालात हवा भरून चित्रे घेण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. त्यानंतर थोड्याच काळात फ्रान्समध्ये जाँ सिकार व झाक फोरेस्तिए यांनी लिपिओडोल हे आयोडीनयुक्त तेल वापरले. १९४० च्या दशकात पँटोपेक हे दुसरे तेलकट औषध आले आणि पुढे कित्येक वर्षे तेच प्रचलित राहिले.

तेल शरीरात शोषले जात नसे, म्हणून चित्रे झाली की ते सुईतून परत ओढून काढावे लागे. काही रुग्णांत मागे राहिलेल्या तेलामुळे नसांभोवतीच्या आवरणाचा दाह होई, मुळे एकमेकांना चिकटत आणि वेदना कायमची मागे लागे. या तपासणीविषयी आजही जी धास्ती ऐकू येते, तिचे एक मूळ त्या काळात आहे. स्वीडिश रेडिओलॉजिस्ट टोर्स्टेन अल्मेन यांच्या कल्पनेतून १९७० च्या दशकात मेट्रिझामाइड हे पाण्यात विरघळणारे, आयनरहित औषध आले. १९८० च्या दशकात आयोहेक्सॉल व आयोपामिडॉल ही अधिक सुरक्षित औषधे वापरात आली. ही औषधे रक्तात शोषली जातात आणि मुख्यत्वे एका दिवसात लघवीवाटे निघून जातात. ती रंगहीन असल्याने लघवीचा रंग बदलत नाही.

तपासणी केव्हा करतात

कण्याच्या बहुतेक विकारांत आज एमआरआय ही पहिली तपासणी आहे. तिच्यात सुई लागत नाही आणि क्ष-किरणही नसतात. मायलोग्राफीची गरज एमआरआय करता येत नाही किंवा तिच्यातून उत्तर मिळत नाही तेव्हा पडते. एमआरआयला चालणार नाही असा पेसमेकर किंवा कानातील रोपण, आधीच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या धातूच्या सळ्या व स्क्रूंमुळे बिघडणारी चित्रे, मेरुद्रव नेमका कोठून गळतो याचा शोध ही मुख्य कारणे होत. दुचाकीच्या अपघातात खांदा जोराने ओढला जाऊन हात लुळा पडला असेल, तर मानेतील नसांची मुळे रज्जूपासून उपटली गेली आहेत का, हेही सीटी मायलोग्राफीत बारकाईने पाहता येते. शस्त्रक्रियेपूर्वी हाडाची वाढ नेमकी कोणत्या नसेवर दाब देते, हे ठरवायलाही काही शल्यवैद्य ती मागवतात.

पूर्वतयारी

सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे काहीही न लपवता सगळी माहिती देणे. पुढील गोष्टी तपासणी ठरवतानाच सांगाव्यात, आदल्या रात्री नव्हे:

१. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे काही दिवस आधी थांबवावी लागू शकतात. ती स्वतःहून बंद करू नयेत. ज्या हृदयरोगतज्ज्ञाने किंवा वैद्याने ती दिली आहेत त्यांना विचारूनच निर्णय घ्यावा.

२. फिट येण्याचा त्रास, तसेच मानसिक आजारावरील किंवा नैराश्यावरील औषधे. यांतील काही औषधे फिट येण्याचा संभव वाढवतात असे मानून ती ४८ तास आधी थांबवण्याची प्रथा आहे. सर्वच केंद्रे आता तसे करत नाहीत, म्हणून सूचना लेखी घ्यावी.

३. पूर्वी कॉन्ट्रास्टमुळे अंगावर पित्त उठणे किंवा धाप लागणे, तसेच दमा. मासे-कोळंबीची ॲलर्जी असली म्हणजे हे औषध चालत नाही, हा समज मात्र निराधार आहे.

४. गरोदरपण किंवा त्याची शक्यता, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहावरील औषधे, ताप, सुईच्या जागी गळू किंवा पुरळ.

सर्व गोळ्या वेष्टनासह एका पिशवीत घालून न्याव्यात. ‘एक पांढरी आणि एक गुलाबी’ एवढ्या वर्णनावर डॉक्टरांना निर्णय घेता येत नाही. जुन्या एमआरआय व एक्स-रे फिल्म, रक्ततपासणीचे कागद आणि सोबत घरचे एक माणूस असावे. तपासणीपूर्वी काही तास जड अन्न घेऊ नये असे सहसा सांगतात. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालते ते केंद्राला विचारावे, कारण शरीरात पाणी कमी पडू न देणे हिताचे असते. संमतीपत्र वाचून, हवे असल्यास मराठीत समजावून घेऊन सही करावी. सुई कोण घालणार, कोणत्या प्रकारची सुई वापरणार आणि दुसरा पर्याय आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

प्रत्यक्ष तपासणी

कपडे बदलून, दागिने काढून रुग्णाला क्ष-किरण यंत्राच्या टेबलावर पालथे झोपवतात; काही वेळा पोटाखाली उशी देतात, किंवा गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजायला सांगतात. त्यामुळे मणक्यांमधील फट रुंदावते. कंबर जंतुनाशकाने पुसतात. त्याचा गारवा जाणवतो. मग कातडीखाली बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. चुरचुर होते ती याच वेळी, आणि ती काही सेकंदांत थांबते.

यानंतर मुख्य सुई जाते. रुग्णाला दुखण्यापेक्षा दाब जास्त जाणवतो. डॉक्टर पडद्यावर बघत सुई हळूहळू पुढे नेतात. कण्यामागचे चिवट बंध व आवरण ओलांडताना त्यांच्या बोटांना सुईचा अडसर सुटल्यासारखे कळते. आतली तार बाहेर काढली की सुईच्या मागच्या टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब जमतो, आणि सुई योग्य जागी असल्याची खात्री पटते. या टप्प्यावर एखाद्या पायात करंट गेल्यासारखी कळ आली तर ‘उजव्या पायात आली’ किंवा ‘डाव्या पायात आली’ असे लगेच सांगावे, पण अंग आकसू नये. सुईचे टोक एखाद्या मुळाला लागल्याची ती खूण असते आणि कोणता पाय हे कळले की डॉक्टर सुई नेमकी वळवू शकतात. खोकला येत असेल तर तोही आधी सांगावा.

औषध हळू सोडतात. कंबर थोडी जड झाल्यासारखी वाटते, काहींचे नेहमीचे दुखणे क्षणभर जागे होते. सुई काढल्यावर टेबल डोक्याकडे किंवा पायांकडे कलते. रुग्ण घसरू नये म्हणून पट्टे व आधार लावलेले असतात. औषध मेरुद्रवापेक्षा जड असल्याने ज्या बाजूला उतार त्या बाजूला वाहत जाते. मानेची चित्रे हवी असतील तर डोके खाली येताना हनुवटी वर उचलून धरायला सांगतात, म्हणजे औषध मानेत थांबते आणि मेंदूकडे जात नाही. ही सूचना अवघडल्यासारखी वाटली तरी काटेकोर पाळावी. काही रुग्णांना उभे करून, पुढे-मागे वाकवूनही चित्रे घेतात. झोपल्यावर मोकळी वाटणारी नस उभे राहिल्यावर दबते का, हे त्यात दिसते.

एवढ्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर सीटी स्कॅन होतो. त्या चित्रात औषधमिश्रित द्रव शुभ्र दिसतो, मेरुरज्जू त्यात करडा दिसतो आणि नसांची मुळे बारीक करड्या ठिपक्यांसारखी उमटतात. जिथे गादी सरकली आहे किंवा हाड वाढले आहे, तिथे हा शुभ्र पट्टा आत दबतो किंवा नसेभोवतीची शुभ्र कड अचानक तुटते.

तपासणीनंतर

काही तास निरीक्षणाखाली ठेवतात. पाण्यात विरघळणारे औषध मेंदूकडे एकदम जाऊ नये म्हणून डोके थोडे उंचावर ठेवायला सांगतात. भरपूर पाणी, ताक, नारळपाणी प्यावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच घ्यावे. त्या दिवशी गाडी चालवू नये, एक-दोन दिवस जड वस्तू उचलू नयेत, पुढे वाकून कामे करू नयेत. बंद केलेली औषधे पुन्हा कधी सुरू करायची हे घरी जाण्यापूर्वी लिहून घ्यावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांबाबत हा निर्णय चुकला तर एकीकडे रक्तस्राव आणि दुसरीकडे रक्ताची गुठळी, असे दोन्ही धोके असतात.

त्रास व धोके

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे डोकेदुखी. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत राहिला की ती होते. बसल्या-उभ्याने वाढते, आडवे झाले की कमी होते, आणि पहिल्या काही दिवसांत सुरू होते. जर्मन शल्यवैद्य आउगुस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कमरेतून भूल देण्याचे प्रयोग केले तेव्हा स्वतः हीच डोकेदुखी सोसली होती. सुईचे टोक कसे आहे याचा तिच्याशी थेट संबंध आहे. कमरेतून सुई घालण्याच्या विविध प्रक्रियांवरील चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. नेहमीच्या धारदार टोकाच्या सुईने सुमारे ११ टक्के लोकांना, तर पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईने सुमारे ४ टक्के लोकांना अशी डोकेदुखी झाली, असे त्यात दिसले. एवढा फरक पडत असताना सुईच्या निवडीविषयी रुग्णाने अवश्य विचारावे. बहुतेकांना विश्रांती व वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो. दुखणे रेंगाळले तर रुग्णाचेच थोडे रक्त सुईच्या जागी आवरणाबाहेर सोडून छिद्र बंद करतात. या उपायाने अनेकांना लवकर उतार पडतो.

मळमळ, पाठीत ठणका, पायांना मुंग्या हे त्रास सहसा एक-दोन दिवसांत जातात. फिट येणे, मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, कण्यात रक्तस्राव व तीव्र ॲलर्जी हे धोके विरळ, पण गंभीर आहेत. सुई घालणाऱ्याच्या तोंडातील जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग झाल्याची उदाहरणे नोंदली गेल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत या वेळी मास्क वापरण्यास सांगितले. मेरुनालासाठी मान्यता नसलेले आयनयुक्त कॉन्ट्रास्ट चुकून दिले गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून औषधाच्या बाटलीवरचे नाव दोघांनी वाचून घेणे आवश्यक आहे.

थंडी वाजून ताप, मान आखडणे, पायांतील शक्ती कमी होणे, लघवी अडणे किंवा जांघेभोवती बधिरता यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

क्ष-किरणांची मात्रा साध्या चित्रापेक्षा जास्त असते, म्हणून गरज पक्की असल्याशिवाय ही तपासणी करू नये. भारतात अशा यंत्रांच्या वापरावर मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण आहे.

अहवाल व त्याचा अर्थ

रेडिओलॉजिस्टचा अहवाल आला म्हणजे निदान पूर्ण झाले असे नाही. हिट्सेलबर्गर व विटेन या अमेरिकन वैद्यांनी १९६८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कानाच्या नसेवरील गाठीच्या संशयावरून मायलोग्राफी झालेल्या ३०० जणांची चित्रे त्यांनी तपासली. त्यांना पाठीचा किंवा मानेचा काही त्रास नव्हता, तरी सुमारे ३७ टक्के जणांच्या चित्रांत मणक्यांमधील गादीशी संबंधित दोष आढळले. चित्रातील दोष आणि रुग्णाचे दुखणे एकाच नसेशी जुळले, तरच त्या दोषाला अर्थ येतो. कळ कोठून निघून कोठपर्यंत जाते, कोणते बोट बधिर आहे, किती चालल्यावर थांबावे लागते, हे रुग्णाने सांगितल्याशिवाय ती जुळणी होत नाही. ‘गादी सरकली आहे’ या एका वाक्यावर शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी चित्रात दिसणारी दबलेली नस आणि आपला त्रास यांचा संबंध डॉक्टरांकडून फिल्मवर बोट ठेवून समजून घ्यावा.