‘स्टार्व्ह’ : मरण विसरलेले क्रियापद

‘आय ॲम स्टार्व्हिंग’ असे म्हणणाऱ्या इंग्रजीभाषकाला बहुधा जेवायला अर्धा तास उशीर झालेला असतो. आपणही ‘भुकेने मेलो’ म्हणतो. परंतु त्यासाठी मरणाचा उच्चार करावा लागतो. इंग्रजी क्रियापदातले मरण मात्र झिजून गेले आहे. या झिजेचा इतिहास आम्हांला केवळ कोशापुरता वाटत नाही.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नुसता ‘मरणे’ असा होता. कारण कोणतेही असो. जर्मन ‘श्टेर्बन’चा अर्थ आजही तोच आहे. चौदाव्या शतकातील चॉसरही ते मरण्याच्याच अर्थी योजतो. पुढे ‘डाय’ रुळले आणि ‘स्टार्व्ह’चे क्षेत्र आक्रसले. उत्तर इंग्लंडच्या बोलींत ते थंडीने गारठण्याला लागू झाले, तर प्रमाणभाषेत भुकेने मरण्याला. कालांतराने मरण्याची अटही उरली नाही; उपासमार पुरेशी ठरली, आणि अखेरीस साधी भूकही. ‘स्टार्व्हेशन’ हे नाम तर अठराव्या शतकातले, देशी धातूला लॅटिन प्रत्यय जोडून झालेले. १७७५ साली अमेरिकन वसाहतींच्या व्यापारबंदीवरील चर्चेत ते वापरल्यामुळे हेन्री डंडास यांना ‘स्टार्व्हेशन डंडास’ हे टोपणनाव चिकटले, असे सांगतात.

हीच इंग्रजी पुढे आपल्याकडे दुष्काळाच्या कारभाराची भाषा झाली. १८७६-७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराच्या मजुरीतील धान्याचा हिशेब दिवसाला एक पौंडावर आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला. उपाशी शरीरांना मग पटकीने, तापाने गाठले. अशा वेळी माणूस भुकेने मेला की तापाने, हा प्रश्न उपस्थित करता येतो. चॉसरच्या क्रियापदात मरण तरी ठरलेलेच होते. आधुनिक इंग्रजीला मात्र ‘स्टार्व्हेशन डेथ’ असे दोन शब्द लागतात, आणि त्यांच्यामधल्या फटीतून जबाबदारी अलगद निसटते.

मराठीने ‘भूकबळी’ हा शब्द घडवला. त्यात भूक आणि मरण एकत्र बांधलेले आहेत. शिवाय बळी म्हटले की तो कोणी घेतला, हे विचारावेच लागते. सरकारी अहवालांत त्या जागी ‘कुपोषण’ किंवा ‘आजाराने मृत्यू’ लिहिले जाते, तेव्हा ती गाठ सोडवली जात असते. ती सुटू न देणे, एवढे तरी भाषेच्या अभ्यासकांच्या हाती आहे, असे आम्हांला वाटते.