करंजीतला खिमा : मढे सोडले, मांस नव्हे

एप्रिल महिना जवळ आला की बोईसरच्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मिरवणूक, व्याख्यान ठरते आणि शेवटी जेवणाचा विषय निघतो. तिथे हमखास एक सूर लागतो : "बाबासाहेबांची जयंती आहे, जेवण शुद्ध शाकाहारीच हवे." हे म्हणणारे आपलेच तरुण असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण 'शुद्ध' हा शब्द त्यांच्या तोंडी कुठून आला, हे आम्हाला तपासावेसे वाटते. त्यासाठी आम्ही एक साधा पदार्थ निवडला आहे : खिमा भरलेली तिखट करंजी.

आधी ती होते कशी ते पाहू. अर्धा किलो खिमा आले-लसूण, हळद, हिरवी मिरची आणि बारीक कांद्यावर परतायचा आणि त्याचे पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवायचा. गरम मसाला, कोथिंबीर, पुदिना शेवटी. सारण कोरडे आणि गार झाल्याशिवाय भरायचे नाही, कारण ओले सारण पारी फाडते आणि कढईत तेल उडते. अर्धा किलो मैद्यात मूठभर रवा, मीठ आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट मळायचे व अर्धा तास झाकून ठेवायचे. पुरीएवढी पारी लाटून, सारण भरून, कडेला पाण्याचे बोट लावून दाबायची आणि कातण्याने कापायची. मध्यम आचेवर तळायची. पंचवीसेक करंज्या होतात.

आता या यादीकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहा. मैदा, कढईभर तेल आणि ताजे मटण. या तिन्ही गोष्टी विकत घ्याव्या लागतात. गावकुसाबाहेर ज्वारी-नाचणीच्या भाकरीवर जगणाऱ्या आपल्या आजी-पणजीकडे यातली एक तरी वस्तू रोज होती का? नव्हती. म्हणून हा पदार्थ आपल्या घरात 'परंपरेने' आलेला नाही. तो पगाराने आला, शहराने आला, शेजाऱ्यांकडून आला. रमजानमध्ये शेजारच्या मुस्लिम घरातून आलेला खिमा समोसा आणि दिवाळीची करंजी यांची गाठ चाळीच्या स्वयंपाकघरातच पडते.

यावर दुसरा आक्षेप तयारच असतो : "हे मांस भरलेले पदार्थ परकीय, आपली संस्कृती सात्त्विक." इतिहास काय सांगतो? चौदाव्या शतकात इब्न बतूता मुहम्मद तुघलकाच्या दरबारात होता. हा तोच तुघलक, ज्याने राजधानी आपल्या मराठवाड्यातल्या देवगिरीला आणली होती. बतूताने दरबारी जेवणातल्या समोशाचे वर्णन केले आहे : बारीक केलेले मांस, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले. पुढे इ.स. १५०० च्या सुमारास माळव्यातील मांडूच्या सुलतानासाठी 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ तयार झाला. त्यातही खिम्याच्या समोशाच्या कृती आहेत. तेव्हा या देशात बटाटा आलेलाच नव्हता. बटाटा आणि मिरची या दोन्ही अमेरिका खंडांकडच्या वस्तू, पोर्तुगीजांच्या हातून आलेल्या. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आणि हे पोर्तुगीज काही लांबचे नव्हेत. बोईसरशेजारचा तारापूरचा किल्ला १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. म्हणजे ज्या बटाट्याच्या समोशाला आज 'शुद्ध भारतीय' म्हटले जाते, त्याचे सारण नवे आहे आणि खिम्याचे सारण त्याच्याहून जुने आहे!

मुसलमान सुलतानांचे दाखले नको असतील, तर चालुक्यांचा घ्या. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात रानडुक्कर, हरीण, मासे यांच्या कृती आहेत. आतड्यात मसालेदार सारण भरून शिजवायची कृती आहे. शेतातले उंदीर भाजून खायची कृतीसुद्धा आहे. राजाने उंदीर खाल्ला तर तो 'पाकशास्त्र' ठरतो आणि ग्रंथात जातो. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या कातकऱ्याने तोच उंदीर खाल्ला तर तो 'घाणेरडा' ठरतो. उंदीर तोच आहे. फरक खाणाऱ्याच्या जातीचा आहे.

छापील पुस्तकांतही हेच दिसते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली आले. त्यात मांसमाशांच्या कृती आहेत. पाठारे प्रभूंसारख्या प्रतिष्ठित समाजाचा मांसाहार शंभर वर्षांपूर्वीच पुस्तकात बसला. महार-मांगांच्या चुलीवर शिजणाऱ्या अन्नाला मराठीत स्वतंत्र पुस्तक मिळायला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'ची, म्हणजे २०१५ ची वाट पाहावी लागली. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नस्मृतींचे काम केले. त्यात प्रश्न सरळ होता : हे ताट भारतीय नाही का?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. "बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले," असे काही जण म्हणतात. मित्रांनो, नीट वाचा. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिथे जे सोडायला सांगितले ते होते मेलेल्या ढोराचे मांस आणि मागून आणलेले शिळे-उष्टे अन्न. गावातले ढोर मेले की महाराने ते ओढायचे, त्या बदल्यात त्याचे मांस घ्यायचे, पट्ट्या कापून उन्हात वाळवून चान्या करायच्या आणि उपाशी दिवसांत त्या पुरवायच्या. हे अन्न आवड म्हणून आलेले नव्हते, गावाच्या गुलामीची मजुरी म्हणून आलेले होते. बाबासाहेबांनी तोडली ती ही मजुरी. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथातही त्यांनी मेलेल्या गाईचे मांस खाणे आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला. वैदिक काळात ब्राह्मणही गोमांस खात होते आणि बौद्ध धम्माशी झालेल्या संघर्षात त्यांनी ते सोडले, ही मांडणीही त्याच ग्रंथात आहे. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणातही मेलेली ढोरे ओढण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला आणि पैशापेक्षा स्वाभिमान मोठा हेच बजावले.

म्हणजे महाडने आपल्याला शाकाहारी केले नाही. महाडने आपल्याला गिऱ्हाईक केले! मढ्यावर अवलंबून असलेला माणूस स्वतःच्या कमाईने, खाटकासमोर उभा राहून, 'ताजे दे' म्हणू लागला. खिम्याची करंजी त्या वाटेवरची आहे. उलट वरच्या जातींसारखे दिसण्यासाठी मांस सोडणे याला एम. एन. श्रीनिवास यांनी 'संस्कृतीकरण' म्हटले. त्या वाटेने प्रतिष्ठा मागावी लागते. महाडच्या वाटेने ती मिळवली जाते.

"पण आपण बौद्ध आहोत, पाणातिपाताचे काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. मज्झिम निकायातील जीवक सुत्तात भगवंतांनी भिक्खूंसाठी नियम सांगितला : प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये. सरसकट बंदी घातली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेब गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारूबंदी आहे, मांसबंदी नाही. कुणाला करुणेपोटी मांस सोडावेसे वाटत असेल तर त्याचा आम्ही आदर करतो. पण ती करुणा शेजाऱ्याच्या ताटाची झडती घेत असेल, तर ती करुणा राहत नाही, तो पहारा होतो.

आणि पहारा वाढतोच आहे. १९७६ च्या कायद्यातली गोहत्याबंदी २०१५ मध्ये बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली. गरिबाचे स्वस्त मांस गेले आणि खाटीक, कुरेशी, चर्मकार यांच्या पोटावर पाय आला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी, स्वातंत्र्यदिनी, कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्रीची दुकाने बंद ठेवायला लावली. भाड्याने घर शोधताना 'नॉनव्हेज खाता का?' हा प्रश्न कुणाला विचारला जातो आणि त्यातून खरे काय विचारायचे असते, हे आपल्याला सांगायला नको. जात विचारता येत नाही, म्हणून ताट विचारले जाते.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाण कामगारांचे अन्न पाहा. मांस-कंद भरलेली, कड दुमडलेली हातात धरून खायची त्यांची 'पास्टी' आज त्या प्रांताची अभिमानाची ओळख आहे. तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या आपल्या कामगाराच्या डब्यातली खिमा करंजी मात्र बाजूला सरकून, झाकण अर्धे उघडून खावी लागते. कष्टकऱ्याचे अन्न तिथे अभिमान होते आणि इथे अपराध होते. मधे उभी आहे ती जात.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या जेवणात काय असावे ते वस्तीने ठरवावे, पण 'शुद्ध' या शब्दावर ठरवू नये. घरातल्या म्हाताऱ्या बायांकडून पदार्थ विचारून लिहून घ्या. चान्यांपासून करंजीपर्यंत सगळे लिहा, त्यातली लाजही लिहा, कारण ती लाज आपली नाही, लादणाऱ्यांची आहे. आणि करंज्या करायला बसाल तेव्हा पुरुषांनीही लाटणे हातात घ्यावे. ताटावरची जात मोडायची आणि चुलीपुढची बाई तशीच ठेवायची, हा आंबेडकरवाद नव्हे.

डबा उघडा, झाकण पूर्ण उघडा, आणि शेजारी बसलेल्याला एक करंजी पुढे करा.

जय भीम! नमो बुद्धाय!