परसबागेत लाल करंट लावावे का? कन्नडसाठी करवंदाचा पर्याय

युरोपातील परसबागांत दिसणारे लाल करंट (रायबिस रुब्रम) हे थंड हवामानातील पानगळीचे झुडूप आहे. लालबुंद घोसांचे फोटो पाहून त्याची रोपे ऑनलाइन मागवण्याचा मोह होतो. कन्नड तालुक्यात ती मागवू नयेत. हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसच्या खाली साधारण ८०० तासांहून जास्त थंडी मिळाली तरच या झुडपाच्या कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे जानेवारीत काही पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, पण दुपारी पुन्हा चांगलाच चढतो; मे महिन्यात तर तो ४० च्या आसपास असतो. शेडनेटने ऊन कमी होईल, थंडीचे तास मिळणार नाहीत. रोप जगलेच, तरी फळाची आशा धरू नये.

तशीच लहान, आंबट, जेलीला उत्तम फळे हवी असतील तर करवंद लावा. इंग्रजीत त्याला ‘बंगाल करंट’ म्हणतात, पण लाल करंटशी त्याचे नाते नाही. ते कण्हेरीच्या कुळातले आहे. केकवर ‘चेरी’ म्हणून लावलेले लाल फळ बऱ्याचदा साखरेत मुरवून रंगवलेले करवंदच असते!

जमीन व लागवड

डोंगरउताराची हलकी, मुरमाड जमीन करवंदाला चालते. भारी काळ्या रानात मात्र पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून तेथे बांधावर किंवा उंचवट्यावरच लावावे. उन्हाळ्यात ४५ सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. त्यात एक-दोन घमेली कुजलेले शेणखत व माती भरावी आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर वापसा पाहून रोप लावावे. कुंपणासाठी १ मीटर अंतर पुरते. फळांसाठी एक-दोनच झुडपे लावायची असतील तर २ ते ३ मीटर अंतर ठेवावे. काटे कठीण असतात, त्यामुळे अंगणातील वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूर असावीत.

बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. पिकलेल्या फळातील बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरावे. बियांपासूनच्या झाडांची फळे सारखी येत नाहीत. एखाद्या झुडपाचे फळ आवडले असेल तर पावसाळ्यात त्याचे गुटी कलम करावे. मोठ्या फळासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण बोल्ड’ हा वाण आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातून परवानगीशिवाय रोपे उपटून आणू नका. तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि उपटलेले जुने झुडूप बहुधा जगतही नाही.

निगा

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. नंतर झुडूप पावसावर तग धरते. तरी फळधारणेनंतर एप्रिल-मेमध्ये दोन-तीन पाणी दिल्यास फळ पोसते. तोडणी संपल्यावर वाळलेल्या व आत दाटलेल्या फांद्या काढाव्यात. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला घमेलेभर शेणखत द्यावे, रासायनिक खतांची घाई नको.

फळे साधारण तिसऱ्या वर्षापासून येतात. कुंपण म्हणूनही तोवर भरवसा ठेवू नये. शेळ्या अडवण्याइतकी दाटी व्हायला तीन-चार वर्षे जातात. रानडुकरांचा त्रास असलेल्या शिवारात तार काढून नुसत्या करवंदावर विसंबू नका.

तोडणी

लोणच्यासाठी हिरवी, जेलीसाठी लाली चढलेली आणि खाण्यासाठी पूर्ण काळी पडलेली फळे तोडावीत. अर्धपक्व फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. हिरवे फळ तोडताना पांढरा चीक निघतो. फळे मिठाच्या पाण्यात धुऊन घ्यावीत. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांनाही असाच चीक असतो, पण ती विषारी आहेत. परसात ही झाडे असतील तर मुलांना करवंद नीट ओळखायला शिकवा.